टेलिफोनवरची मेणबत्ती

२३ सप्टेंबर २०११

या पत्राला मायना नाही. जो सुचला तो लिहिला असता तर व्हेता आत्यानं कागद चुलीत घातला असता. तिनंच मला टेबलाशी आणून बसवलंय. म्हणते, "आईचा फोन उचलत नाहीस, नको उचलूस. पण पार्सलाची पोच तरी दे! जिकूच्या गाडीतून इटलीहून आलंय ते, आभाळातून नाही पडलं."

तर ही पोच. पास्ता मिळाला, चीज मिळालं, कॉफी मिळाली, आत्याच्या गुडघ्याचं मलम मिळालं. पास्ता मी खात नाही, आत्या खाते. चीज तिला आवडलं नाही. संपलं मात्र.

पांढरे बूटही मिळाले. चांगले आहेत, टाचेकडून उघडे, खऱ्या नर्सेस घालतात तसले. नंबर सदतीस. बाबा गेले त्या साली माझा नंबर सदतीस होता. नंतर पाय वाढले. मुलींचे वाढतात.

डब्यातल्या चिठ्ठीत विचारलंयस, नोकरीचं काय झालं. पास झाले ते तुला आत्यानं सांगितलंच असणार. नोकरीचं म्हणशील तर नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. जिल्ह्याच्या इस्पितळात गेले. खिडकीतली बाई म्हणाली, "जागा गोठवल्यात." मी विचारलं, "वितळणार कधी?" तर म्हणाली, "पोरी, ते सरकारला विचार. मी फक्त खिडकीत बसते." दोन खासगी दवाखान्यांत गेले. दोघांनाही अनुभवी नर्स हवी. अनुभव कुठून आणू? बाजारात कोबीशेजारी मिळतो का? गुरांच्या डॉक्टरनं तेवढं नीट विचारलं, "घोड्याला सुई टोचता येईल?" मी म्हटलं, "घोडा उभा राहिला तर येईल." तो हसला, पण त्यालाही माणूस नकोच होतं, नुसत्या गप्पा हव्या होत्या.

आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरी एजन्सीत नावं घालून बसल्यात. डेनिसा पुढच्या महिन्यात जर्मनीला चालली. तू लिहितेस, तूही ये, पादोव्यात नर्सेस हव्यात, तुझ्या खोलीत दुसरी खाट मावते. तिथं बसून इकडच्या शेळ्या हाकू नकोस. आपल्या घरातून एक बाई गेली तेवढी पुरे. मी नोकरी करीन तर इथंच करीन, बाबा गेले त्याच इस्पितळात. का, ते तुला माहीत आहे.

जिकूला पत्र दिलं तर तो उलटसुलट करून बघतो. "आजकाल पत्र कोण लिहितं ग? आत काही ठेवलंयस की काय?" म्हटलं, "राग ठेवलाय, सांडू देऊ नकोस."

ओतिलिया


१२ नोव्हेंबर २०११

कोट मिळाला. आत्या म्हणते मला शोभतो. मी काही घातला नाही. थंडी अजून पडलेली नाही.

इस्पितळात लागले. नोकरी नव्हे, बिनपगारी. 'स्वयंसेविका' म्हणतात, म्हणजे भांडी घासायची आपण आणि जेवायचं दुसऱ्यानं. पण मेडिसिनच्या वॉर्डातल्या एक बाई वसंतात निवृत्त होतायत आणि ती एक जागा भरायची परवानगी आलीय. तोवर मी डोळ्यांसमोर राहिले तर परीक्षेला बसताना निदान चेहरा ओळखीचा असेल. म्हणून रोज जाते. आत्या कुरकुरते. "फुकटात राबायला तू काय इस्पितळाची सून आहेस का?" आणि वर डबाही भरून देते, मक्याच्या पिठाची मामालिगा आणि अंडं.

वॉर्डची मुख्य नर्स अस्पाझियाबाई. आडवी बाई, आवाज ट्रॅक्टरचा. पहिल्याच दिवशी मला भिंतीवरचं परिपत्रक वाचायला लावलं. मोठ्यानं, सगळ्या वॉर्डासमोर! कुठल्याशा इस्पितळात ऑक्सिजनशेजारी कुणीतरी मेणबत्ती पेटवली आणि पडद्याला आग लागली, म्हणून आता डायरेक्टरसाहेबांचा हुकूम: वॉर्डात ज्वाला दिसली की पेटवणाऱ्याची नोकरी गेली. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "कळलं? तुला तर अजून नोकरीच नाही, तेव्हा ती मिळायच्या आधीच जाईल." सगळ्या हसल्या.

वॉर्डात निम्म्या म्हाताऱ्यांची पोरं परदेशात. त्यातल्या एक प्रोफिरा आजी, खिडकीजवळच्या खाटेवर. छातीत पाणी होतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगा सिल्विऊ स्पेनमध्ये बांधकामावर. पहिल्या दिवशी मी नाडी बघायला हात धरला तर त्यांनी माझीच बोटं चाचपली. म्हणाल्या, "नवी आहेस. हात गार आहेत. लग्न झालंय का?"

"नाही आजी."

"मग गारच राहणार."

त्यांनी उशीखालून रुमालात गुंडाळलेली मेणबत्ती काढून माझ्या खिशात कोंबली, काडेपेटीसकट. पिवळ्या मेणाची, मठातून आणलेली. म्हणाल्या, "इथं ठेवली तर झाडूवाली नेते. तू सांभाळ. माझी वेळ आली की पेटव आणि माझ्या हातात दे, आणि हात सोडू नकोस, मला एकटीला धरवणार नाही. उजेडाशिवाय गेलं तर तिकडची वाट कायम अंधारात चाचपडायची. इथं डोळे नाहीत ते मी सोसलं. तिथंही नसले तर कसं व्हायचं ग?"

मी परिपत्रकाबद्दल बोलले नाही. म्हटलं, "देईन."

अजून एक सांगते, तू ज्या इटालियन म्हातारीला सांभाळतेस तिला हे कळणार नाही. इथं कुणी गेलं की घरच्यांना फोन करायचं काम अस्पाझियाबाईंचं. इटली, स्पेन, इंग्लंड, कुठूनही पहिला प्रश्न एकच येतो. "मेणबत्ती होती का?" आणि त्या ट्रॅक्टरच्या आवाजात म्हणतात, "होती हो! मी स्वतः धरली होती." प्रत्येकाला! रात्री गेलेला असो, संडासात पडून गेलेला असो. मी एकदा म्हटलं, "अहो, पण नव्हती." तर म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात सगळ्यांची मेणबत्ती जळते. इथं नाही जळली तर टेलिफोनवर जळते."

मला ते आवडलं नाही. खोटं ते खोटंच.

ओतिलिया


२१ जानेवारी २०१२

आज बाबांचं या वर्षीचं श्राद्ध झालं. आत्यानं श्राद्धाचा गोड प्रसाद, गव्हाचा कोलिवा केला, वर साखर पेरून क्रूस काढला. पाद्रीबाबांनी नेकुलाय म्हणून नाव घेतलं आणि पुढे दुसऱ्याच कुणाचं आडनाव जोडलं. आत्यानं तिथल्या तिथं, भर चर्चमध्ये ते दुरुस्त केलं.

तू आत्याच्या हाती निरोप धाडलास, "ओतीला विचार, ती अजून किती वर्षं बोलणार नाही." वर्षं मी मोजून ठेवलेली नाहीत. पण आज बसलेच आहे तर एकदा सरळ सांगते, कारण तू ते कधी विचारलं नाहीस. मी विचारू दिलं नाही हेही खरं.

तेव्हा मी शाळेत शिकत होते. बाबांना याच वॉर्डात ठेवलं होतं, दारापासून दुसऱ्या खाटेवर. मेणबत्ती उशाखाली होती, आत्यानं ठेवलेली. दुपारची वेळ. बाबा म्हणाले, "काहीतरी आंबट हवं." म्हणून मी खाली स्वयंपाकघरात सूप मागायला गेले. आचारीण म्हणाली, थांब, गरम करते. मी थांबले. वर आले तर चादर तोंडावर ओढलेली. नर्स दुसऱ्या टोकाला इंजेक्शनं देत होती, तिच्याही लक्षात उशिरा आलं. सूपाचा वाडगा माझ्या हातात तसाच.

मग कॉरिडॉरमधल्या फोनवर तू. काय विचारलंस? ओती, कशी आहेस? नाही. जेवलीस का, सोबत कोण आहे? नाही. पहिला प्रश्न, "हातात मेणबत्ती होती का ग?"

मी म्हटलं, "नव्हती. तू असतीस तर असती." आणि फोन ठेवला. तू परत केलास, मी परत ठेवला.

तिसऱ्या दिवशी तू जिकूच्या गाडीतून सरळ दफनभूमीत उतरलीस, तेव्हा माती ओढत होते. तुझ्या अंगावर त्या परक्या म्हातारीचा काळा कोट होता. मी तुझ्याकडे पाहिलं नाही. तू माझ्या खांद्याला हात लावलास आणि मी खांदा काढून घेतला. मला सतत एकच वाटायचं, तू वर्षानुवर्षं पैशासाठी परक्या बाईच्या उशाशी बसतेस आणि माझ्या बापाच्या उशाशी बसायला कुणी नव्हतं.

म्हणून मी नर्स झाले. हौस नव्हती, लोकसेवा वगैरे तर मुळीच नव्हती. त्या वॉर्डात कुणीतरी असं असावं, जे खाटेपाशी थांबेल.

आत्या दर ईस्टरला बाबांच्या नावानं मेणबत्ती दान करते. म्हणते, उजेडाशिवाय गेलेल्यांना त्या दिवशी थोडा पोचतो. पोचत असेल.

इथं आता बर्फ गुडघ्याएवढं आहे. कोट घालते. तू विचारशील म्हणून सांगितलं.

ओतिलिया


१७ मार्च २०१२

घाईत लिहितेय, जिकूची गाडी निघतेय.

जागा मिळाली. काल परीक्षा झाली, लेखी आणि तोंडी. तिघी होतो. यादी संध्याकाळीच लावली. एक तारखेपासून रुजू. आत्यानं शेजारणींना चेरीची दारू पाजली आणि स्वतःच सगळ्यांत जास्त प्याली. म्हणे, "माझ्या भावाची पोर सरकारी नर्स झाली, आता मला मरायलाही भीती नाही." परीक्षेला तुझे बूट घातले. टाच बाहेर राहते, पण मागून उघडेच असल्यामुळे कुणाला कळत नाही.

प्रोफिरा आजी मंगळवारी गेल्या. हातात मेणबत्ती होती. त्यांच्या मुलाला फोन मी केला.

एवढंच. बाकी ठीक.

ओतिलिया


१६ एप्रिल २०१२, ईस्टरचा सोमवार

आई,

तुझी चिठ्ठी आणि अंडी रंगवायचे कागद पोचले. चिठ्ठी तीनदा वाचली. तू लिहिलंयस, "नोकरीपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचं जास्त वाटलं. परक्या बाईच्या हातात तू मेणबत्ती धरलीस. तुझ्या बापाला जे मिळालं नाही ते तू दुसऱ्याला दिलंस. देव तुझे हात राखो."

पार्सलाची पोच देताना चिजाबद्दल थाप मारली ती मारली. (ते मीच खाल्लं.) पण हा आशीर्वाद मला नाही घेता येत. मागच्या पत्रात लिहिलं त्यात खोटं काही नाही, आणि खरंही नाही. आता नीट सांगते.

मंगळवारी दुपारी आजींचा श्वास बदलला. नाकाला नळी, बाजूला ऑक्सिजन सू सू करत चालू. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, आता काही करायचं नाही, आजचाच दिवस. परीक्षा शुक्रवारी. अस्पाझियाबाई आल्या, आजींच्या कपाळाला हात लावला आणि मला म्हणाल्या, "मी कॉफीला चाललेय. पंधरा मिनिटं मला कुणी हाक मारायची नाही. ती खिडकी उघड." जाताना शेजारच्या दोघी चालत्या बायकांनाही उठवून घेऊन गेल्या. "चला ग, तुम्हाला पण पाजते." त्या बाईंनी कुणाला पाण्याचा पेला पाजलेला मी पाहिलेला नाही. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

मी खिडकी उघडली. मला वाटलं, हवेसाठी.

आजी म्हणाल्या, "पोरी, आता."

मी खिशात हात घातला. मेणबत्ती होती, काडेपेटी होती. भिंतीवर परिपत्रक होतं. ऑक्सिजनच्या नळाची चावी माझ्या हातापासून वीतभर. तो बंद केला असता तर पेटवता आली असती. बंद केला तर श्वास तेवढा आधी थांबेल हेही दिसत होतं, आणि मी स्वतःला तेच सांगत होते, की नर्सनं असं करायचं नसतं. पण आई, तुला सांगते, मी आगीला भ्याले नाही आणि पापालाही भ्याले नाही. मी शुक्रवारला भ्याले. चार-पाच महिने फुकट राबून दारापाशी आलेली नोकरी एका काडीनं जाईल याला भ्याले.

मी न पेटवलेली मेणबत्ती त्यांच्या हातात दिली आणि वरून माझे दोन्ही हात धरले.

त्यांनी विचारलं, "पेटलीय का?"

मी म्हटलं, "पेटलीय, आजी."

त्यांचे डोळे उघडे होते, मोतीबिंदूनं पांढरे. त्या तोंड मेणबत्तीकडे वळवून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ऊब लागत नाही ग."

मी म्हटलं, "माझे हात गार आहेत ना, म्हणून."

"लग्न कर," त्या म्हणाल्या. थोड्या हसल्यासुद्धा. त्यानंतर काही बोलल्या नाहीत. मी शेवटपर्यंत हात सोडले नाहीत, तेवढं एक वचन पाळलं. पण त्या गेल्या तेव्हा त्यांच्या हातातली वात कोरी होती, पांढरी, काडीसुद्धा न लागलेली. आपल्या हातात उजेड आहे असं समजून गेल्या. की नाही समजल्या? मला ते कधीच कळणार नाही. आंधळी माणसं फार ओळखतात.

अस्पाझियाबाई परत आल्या, त्यांनी हवेचा वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. एवढंच म्हणाल्या, "फोन तू कर. शिकायला हवं."

सिल्विऊनं फोन उचलला तेव्हा मागे काहीतरी मशीन घरघरत होतं. मी सांगितलं. मग मशीन बंद झालं. आणि त्यानं विचारलं, "ताई, मेणबत्ती होती का?"

"होती," मी म्हटलं. "मी धरली होती."

"नीट जळली?"

"शेवटपर्यंत."

आणि तो रडायला लागला. मोठा बाप्या माणूस, हमसून हमसून. मध्येच म्हणत होता, "देवाची कृपा, देवाची कृपा. ताई, मी पोचू शकलो नसतो, मला रजाच दिली नसती त्यांनी, पण उजेड होता ना, मग झालं, मग झालं." मग विचारलं, शेवटी काय म्हणाली. मी म्हटलं, "तुमचं नाव घेतलं." एकदा खोटं सुरू झालं की ते थांबत नाही. त्यानं मला इतके आशीर्वाद दिले की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला.

मी कॉरिडॉरमध्ये तशीच उभी राहिले. तोच फोन, आई. तोच भिंतीवरचा काळा फोन, जो मी तुझं बोलणं तोडून ठेवला होता. तेव्हा मला कळलं, लांबचं माणूस हेच का विचारतं ते. दुसरं त्याच्या हातात असतंच काय? पाणी पाजता येत नाही, उशी सारखी करता येत नाही, पोरीला पोटाशी धरता येत नाही. फक्त एवढं विचारता येतं, की माझ्या माणसाला वाट दिसली का. तू मला सोडून बाबांबद्दल विचारलंस असं मी इतकी वर्षं धरून बसले होते. त्या एका प्रश्नात तू मलाही विचारत होतीस बहुतेक, की तिथं कुणी होतं का, सगळं नीट झालं का, तू एकटी तर नव्हतीस ना.

आता पुढचं ऐक, म्हणजे तुझा आशीर्वाद मी का परत पाठवतेय ते कळेल.

एक तारखेला रुजू झाले. पहिल्या दिवशी कपडे बदलताना अस्पाझियाबाईंनी दार लावून घेतलं आणि विचारलं, "का लावली नाहीस ग?"

मी म्हटलं, "परिपत्रक तुम्हीच वाचायला लावलंत."

"परिपत्रक डायरेक्टरसाठी असतं! मी कॉफीला कशासाठी गेले? खिडकी कशाला उघडायला लावली? बायका कशाला बाहेर नेल्या? नळ बंद करायचा, खिडकीतून जरा वारं खेळू द्यायचं, मग काडी ओढायची. धूर गेला की नळ चालू. मी आले की मला काही दिसत नाही. या वॉर्डात आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो. हे काय पुस्तकात छापून येणार आहे?"

मी म्हटलं, "पण नळ बंद केला असता तर त्या लवकर गेल्या असत्या."

त्या म्हणाल्या, "गेल्या असत्या. थोड्या आधी, उजेडात."

मग माझ्याकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "रडू नकोस. पहिली प्रत्येकीची अशीच जाते. मलासुद्धा टेलिफोनवर कशी पेटवायची हे आधी आलं, खरी पेटवायला फार उशिरा शिकले." आणि दार उघडून परत ट्रॅक्टर झाल्या, कुणाला तरी बेडपॅनवरून झापत निघून गेल्या.

तेव्हा नोकरी मिळाली, आई. जिच्यासाठी मी इथं राहिले, डेनिसासारखी गेले नाही, तुझ्याकडे आले नाही, ती मिळाली. आणि जे करायचं म्हणून ती हवी होती, ते पहिल्याच वेळी मी केलं नाही. लोक अभिनंदन करतात तेव्हा मला कुठं बघावं कळत नाही. आज वॉर्डातून येताना बाबांची खाट दिसली. त्या वेळची ती इंजेक्शनवाली नर्स आठवली. चार वर्षं मी तिला मनातल्या मनात शिव्या दिल्यात. तिचंही काही असेल. तिलाही कसलातरी शुक्रवार असेल.

काल सकाळी आत्या आणि मी दफनभूमीत गेलो. आत्यानं चर्चमधली ज्योत कंदिलात जपून आणली होती. तिनं बाबांची लावली. मग मी खिशातून प्रोफिरा आजींची काढली. ती मी त्यांच्यासोबत शवपेटीत ठेवायला हवी होती, पण धीर झाला नाही, माझ्याकडेच राहिली. वात अजून पांढरीच होती. आत्यानं पाहिलं आणि तिला सगळं कळलं. तिनं शालीचा आडोसा धरला, वारा होता म्हणून. मी ती पेटवली आणि संपेपर्यंत हातात धरून उभी राहिले. मेण बोटांवर ओघळलं. ऊब होती, आई. चांगली ऊब लागत होती.

तू गेलीस ते मी विसरलेले नाही, आणि विसरेन असं आज वचनही देत नाही. पण एक गोष्ट मला कळायला हवी. त्या दिवशी मी फोन ठेवल्यावर तू काय केलंस? सिल्विऊ रडला ते मी ऐकलं, कारण मी फोन धरून ठेवला. तुझं मी ऐकलंच नाही. तू त्या म्हातारीच्या घरात कुठं उभी होतीस? बसलीस का? तुझ्याजवळ कुणी होतं का? की तिच्या जेवणाची वेळ झाली म्हणून डोळे पुसून सूप गरम करायला गेलीस?

बुटांचा नंबर आता एकोणचाळीस. घाई नाही, हे चालतायत.

रविवारी सुट्टी आहे. दुपारी घरीच असेन, फोनपाशी. तू फोन कर, मी उचलीन. आणि आधी माझी चौकशी करू नकोस, जेवलीस का विचारू नकोस. बाबांबद्दलचा तोच प्रश्न मला पुन्हा एकदा विचार. या वेळी मी नीट उत्तर देईन.

तुझी
ओती